घाटात बॅटरीवरची गाडी मान टाकते का?

रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्याशी गाड्यांचे शौकीन चहाला जमले, की एक वाक्य हमखास ऐकू येते : इलेक्ट्रिक गाडी शहरात ठीक, पण वेगात आणि घाटात ती कोट्यवधींच्या सुपरकारपुढे मान टाकणारच. समज जुना आहे. इतिहास मात्र त्याच्या बाजूचा नाही, कारण ताशी 100 किलोमीटरचा टप्पा 1899 मध्ये सर्वप्रथम ओलांडणारी मोटारच मुळी विजेवरची होती.

घाटाचे उदाहरण तर त्याहून बोलके. अमेरिकेतील पाइक्स पीक ही चढणीची शर्यत सुमारे 20 किलोमीटर लांबीची आणि 156 वळणांची असून ती 4,302 मीटर उंचीवर संपते. तेथे हवा विरळ होत जाते, पेट्रोल इंजिनाला प्राणवायू कमी पडून त्याची ताकद घटते, आणि विजेच्या मोटरीला मात्र हवा लागतच नाही. 2018 मध्ये फोक्सवॅगनच्या इलेक्ट्रिक शर्यतगाडीने हे अंतर 7 मिनिटे 57 सेकंदांत कापून पेट्रोलच्या गाड्यांसकट सर्वांचा विक्रम मोडला. सिंहगड जेमतेम 1,300 मीटरचा, त्यामुळे विरळ हवेचा फायदा आपल्याकडे फारसा जाणवणार नाही, हे मान्य. पण पेडल दाबताक्षणी मिळणारा टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, इथल्या चढालाही तितकाच उपयोगी आहे.

शौकिनांचा खरा आक्षेप वजनाचा असायला हवा. बॅटरी जड असते, आणि तीव्र वळणावर तो भार टायर व ब्रेक यांनाच सोसावा लागतो. आवाजाचे म्हणाल, तर बारा सिलिंडरांच्या इंजिनाची गर्जना इलेक्ट्रिक गाडीकडे नाही, आणि ती आवड कोणत्याही आकड्याने खोडता येणार नाही.