पार्श्वभूमी : न्यूमोनियाची लस, जुनाट फुप्फुसविकार आणि दुसऱ्या डोसचा घोळ

सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणाऱ्या जुनाट फुप्फुसविकाराच्या, रुग्णाला न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जंतूवरची लस द्यावी, यावर आता फारसे दुमत नाही. वाद आहे तो एकदा घेतल्यावर पुन्हा कधी घ्यायची, याचा. त्याचे मूळ अमेरिकेतल्या बदलत्या शिफारशींत आहे, आणि आपल्याकडचे डॉक्टरही बऱ्याच अंशी त्याच शिफारशी पाहत आले आहेत.

लस जुनीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत तिचे पहिले प्रयोग झाले. १९४० च्या दशकात बाजारात आलेली लस पेनिसिलिनच्या भरवशावर मागे पडली. पुढे १९७७ मध्ये अमेरिकेत जंतूच्या १४ प्रकारांवरची लस मंजूर झाली आणि १९८३ मध्ये २३ प्रकारांवरची. मंजुरीमागचा मुख्य पुरावा पुन्हा खाणकामगारांचाच होता. ती तरुण, अंगमेहनतीची माणसे. जिना चढताना धाप लागणाऱ्या सत्तरीतल्या रुग्णाला तो पुरावा लागू करणे ही पहिल्यापासूनच ओढाताण होती. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या २,२९५ जोखमीच्या माजी सैनिकांवरची चाचणी प्रसिद्ध झाली, तेव्हा लशीने न्यूमोनिया टळल्याचे दिसले नाही.

त्यात दुसऱ्या डोसचा प्रश्न. सुरुवातीला तो देऊच नये असे सांगितले जाई, कारण पुन्हा टोचल्यावर दंड फार सुजल्याच्या नोंदी होत्या. ही भीती हळूहळू ओसरली आणि १९९७ मध्ये अमेरिकेच्या लसीकरण सल्लागार समितीने नियम बसवला. प्लीहा काढलेल्या किंवा प्रतिकारशक्ती खचलेल्या रुग्णाला पाच वर्षांनी दुसरा डोस. फुप्फुसविकाराच्या रुग्णाला मात्र एकच. पासष्टीआधी घेतला असेल तर पासष्टीनंतर, मधे पाच वर्षे गेलेली असल्यास, आणखी एक. त्यानंतर काही नाही. म्हणजे पन्नाशीत लस घेतलेल्या सीओपीडीच्या रुग्णाने पंधरा वर्षे थांबायचे. अ‍ॅन्टिबॉडी पाच ते दहा वर्षांत उतरतात, म्हाताऱ्या शरीरात त्याहून लवकर, हे तेव्हाही ठाऊक होते. नियम असा ठरला तो संरक्षण टिकते म्हणून नव्हे. जास्त डोसांनी फायदा होतो याचा पुरावा नव्हता म्हणून. 'पाच वर्षांनी बूस्टर' ही समजूत रुग्णांत पक्की रुजली ती याच नियमाच्या अर्धवट ऐकण्यातून.

समितीची सावधगिरी निराधार नव्हती. या लशीत जंतूच्या आवरणातली निव्वळ शर्करा असते. ती प्रतिकारशक्तीत स्मृती तयार करत नाही, आणि पुन्हा दिल्यावर प्रतिसाद कधी पहिल्याहून कमी येतो. तरीही फुप्फुसविकाराच्या रुग्णाला या हिशेबात दुय्यम धरले गेले, असेच वाटते. २००६ मध्ये स्पेनमधल्या ५९६ सीओपीडी रुग्णांवरच्या चाचणीत एकूण गटात ठोस फरक आढळला नाही. पण पासष्टीच्या आतल्यांत लशीची परिणामकारकता ७६ टक्के निघाली. नेमका हाच गट नियमाने एका डोसवर थांबवला होता. दम्याच्या प्रौढ रुग्णांचा शिफारशीत समावेश तर २००८ पर्यंत झालाच नव्हता.

शर्करेला प्रथिन जोडलेली कॉन्जुगेट लस लहान मुलांसाठी २००० मध्ये आली आणि चित्र पालटले. नेदरलँड्समध्ये पासष्टीपुढच्या सुमारे ८४,५०० जणांवर १३ प्रकारांच्या लशीची चाचणी झाली. लशीत असलेल्या प्रकारांमुळे होणारा न्यूमोनिया तिने सुमारे ४५ टक्के घटवला. त्यावर २०१४ मध्ये अमेरिकेत पासष्टीपुढच्या सर्वांना दोन्ही लशी सांगण्यात आल्या. आधी १३ ची, मग २३ ची. मधले अंतर सहा ते बारा महिने. उलट क्रमाने घेतली असेल तर वेगळे अंतर. पुढच्याच वर्षी तेही बदलून किमान एक वर्ष झाले. २०१९ मध्ये १३ ची सरसकट शिफारस मागे घेऊन निर्णय डॉक्टर-रुग्णावर सोपवला गेला. मुलांच्या लसीकरणामुळे आजीआजोबांतही ते प्रकार कमी झाले, हे कारण. कारण खरे होते. पण पाच वर्षांत तीन वळणे घेतलेला सल्ला दवाखान्यात पाळायचा कसा, हा त्रास डॉक्टरांनी आणि रुग्णांनी सोसला.

२०२१ मध्ये २० प्रकारांची लस आल्यावर गुंता बराच सुटला. ती एकदा घेतली की पुढे डोस नाही. २०२४ मध्ये २१ प्रकारांची आली, आणि सर्वांसाठीची वयोमर्यादाही पासष्टवरून पन्नासवर उतरली. फुप्फुसविकार असेल तर १९ व्या वर्षापासूनच. पूर्वी फक्त २३ ची घेतलेल्यांना वर्षभराने नवीन लस देता येते. पाच वर्षे थांबावे लागत नाही.

भारतात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ पासून देशभर कॉन्जुगेट लस बाळांना सरकारी कार्यक्रमातून मिळते. पुण्यात तयार झालेली १० प्रकारांची लसही त्यात आहे. प्रौढांसाठी असा कार्यक्रम नाही. लस स्वखर्चाने घ्यायची आणि कागद स्वतःच जपायचा. त्यामुळे आधी कोणती घेतली, कधी घेतली, हे अनेकांना सांगता येत नाही. नोंद नसल्यास लस घेतलेलीच नाही असे धरून एक डोस द्यावा, असे आजची अमेरिकी शिफारस सांगते.