सरपंचबाई वेगळी, पाड्याची ग्रामसभा वेगळी

नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी, अक्कलकुवा किंवा नवापूर तालुक्यात एखादी भिल्ल वा पावरा बाई सरपंच झाली की हारतुऱ्यांसह तिचा फोटो छापून येतो आणि खाली ‘गावाचा कारभार महिलांच्या हाती’ असे ठोकून दिलेले असते. सरपंचपद आणि पाड्याची, म्हणजे एकेका आदिवासी वस्तीची, ग्रामसभा यांची ही गल्लत आता पुरे झाली.

सरपंचपदाविषयी फार सांगायला नको. राज्यात २०११ पासून पंचायतींमध्ये स्त्रियांना निम्मे आरक्षण आहे, आदिवासी भागांतील पंचायतींसाठी केलेल्या १९९६ च्या पेसा कायद्यामुळे अनुसूचित (आदिवासीबहुल म्हणून जाहीर झालेल्या) क्षेत्रातील हे पद आदिवासींसाठीच राखीव असते आणि बायकोच्या नावावर कारभार हाकणाऱ्या सरपंचपतींचे प्रताप सर्वांना पाठ आहेत.

खरा घोळ पुढे आहे. सातपुड्यातील ग्रामपंचायतीत बहुधा अनेक पाडे येतात, एक या टेकडीवर तर दुसरा नाल्यापलीकडे. २००६ च्या वनहक्क कायद्याची ग्रामसभा मात्र एकट्या पाड्याचीही असू शकते, आणि तेथील प्रत्येक सज्ञान व्यक्ती, निवडणूक न लढवता, तिची सदस्य असते. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार या सभेला निम्मे सदस्य हजर असावे लागतात आणि त्या हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया लागतात. समजा, १२० सज्ञानांच्या पाड्यात नेमके ६० जण जमले आणि त्यांत बाया १९ च निघाल्या, तर गणपूर्ती झालीच नाही, मग पंचायतीची सरपंच बाई असो की बाप्या. आरक्षणाने एका बाईला खुर्ची मिळते. येथे बाया आल्याच नाहीत तर वनहक्काचा ठरावच होत नाही. दावे तपासायला हीच सभा निवडते त्या वनहक्क समितीच्या १० ते १५ सदस्यांतही एक तृतीयांश स्त्रिया हव्यातच. मोहफुले आणि तेंदूपाने यांवरील मालकी हक्काचे दावे, जंगल राखण्याचे नियम हे विषय याच सभेपुढे येतात, आणि पहाटे मोहाखाली टोपली घेऊन बसणाऱ्या बाईला त्यातले कळते तितके तालुक्याच्या कचेरीत कोणाला कळत नाही.

(पंचायतीच्या ग्रामसभेआधी भरणारी महिला सभा ही तिसरीच गोष्ट, ती शिफारस करते, इतकेच.)

बाया रानात गेलेल्या असताना भरदुपारी सभा लावायची आणि मागाहून घरोघर वही फिरवून अंगठे उमटवून घ्यायचे, या प्रकाराचा मला मनस्वी तिटकारा आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी शहादा परिसरात भिल्ल बायांनी दारूची मडकी फोडली, तेव्हा त्यांना कोणते आरक्षण होते? म्हणून बातमीदारांनी सरपंचबाईंचा फोटो जरूर छापावा, पण त्याआधी पाड्याची हजेरीवही मागून सभेची वेळ पाहावी आणि बायांचे अंगठे मोजावेत.