नळीत मिटलेले पंख

युद्धनौकेवरून ब्राह्मोस सुटतानाचं चित्रण पुष्कळांनी टीव्हीवर पाहिलं असेल. डेकवरचं झाकण उघडतं, क्षेपणास्त्र सरळ वर उसळतं, नाकापाशी बारीक ज्वाळा फुरफुरतात, ते लक्ष्याच्या दिशेने कलतं आणि मग मागची मोठी आग पेटते. सगळ्यांचे डोळे त्या आगीवर असतात. माझी नजर मात्र दरवेळी खालच्या नळीकडे जाते. त्या नळीची गोष्ट मॉस्कोला लागून असलेल्या रेऊतोव शहरातली आहे.

व्लादिमीर चेलोमेय (1914–1984) हे कंपनांच्या गणिताचे अभ्यासक. 1944 साली जर्मनीची व्ही-1 ही बिनवैमानिकाची उडती अस्त्रं लंडनवर कोसळू लागली, तेव्हा त्यांच्यातल्यासारख्या, ठोक्याठोक्याने जळणाऱ्या स्पंद-जेट इंजिनावर आधीपासून काम करणाऱ्या या तिशीतल्या इंजिनिअरकडे तसंच सोव्हिएत अस्त्र घडवायची जबाबदारी आली. अस्त्रं तयार झाली, चाचण्या झाल्या, पण सैन्याने ती स्वीकारली नाहीत. फेब्रुवारी 1953 मध्ये त्यांची संस्थाच बंद करण्यात आली. दोन वर्षांनी रेऊतोवमध्ये त्यांना पुन्हा जागा मिळाली आणि ‘ओकेबी-52’ ही नवी संस्था उभी राहिली. हीच आजची ‘एनपीओ माशिनोस्त्रोयेनिया’.

त्या काळी पाणबुडीवरून क्रूझ क्षेपणास्त्र डागणं हा मोठा खटाटोप होता. क्रूझ क्षेपणास्त्र म्हणजे माणूस नसलेलं छोटं विमानच. त्याला पंख हवेत, आणि पंख म्हटले की जागा हवी. अमेरिकेची रेग्युलस क्षेपणास्त्रं घ्या. पाणबुडी पृष्ठभागावर यायची, खलाशी डेकवर यायचे, कोठारातून क्षेपणास्त्र ओढून काढायचे, रुळावर चढवायचे, पंख उलगडायचे आणि मग डागायचे. शत्रूच्या समुद्रात हा सगळा वेळ उघड्यावर काढायचा.

चेलोमेय यांनी पी-5 या आपल्या क्षेपणास्त्रासाठी वेगळा विचार केला. क्षेपणास्त्र पंख मिटून बंद नळीत ठेवायचं, तिथूनच डागायचं, आणि बाहेर पडल्याबरोबर पंखांनी आपोआप उघडायचं, बटण दाबल्यावर छत्री उघडते तसं. ऐकायला सोपं वाटतं. पण क्षेपणास्त्र जेमतेम नळीबाहेर आलंय, वेग अजून कमी आहे, आणि त्या निमिषात दोन्ही पंख एकाच वेळी उघडून घट्ट बसले पाहिजेत. एक जरा मागे राहिला तरी सगळं गरकन फिरून समुद्रात. कंपनं आणि यंत्रांची गतिकी हाच ज्याचा विषय, त्या माणसाला हे सुचावं यात मला फार मोठी संगती दिसते. 1957 मध्ये पाणबुडीवरून पी-5 ची चाचणी झाली आणि 1959 मध्ये ती सोव्हिएत नौदलात दाखल झाली. ती अण्वस्त्र वाहून किनाऱ्यावरच्या लक्ष्यांवर सोडण्यासाठी होती, हेही विसरता येत नाही.

नळीत शिरल्यावर पुढचा प्रश्न आपसूक आला: मग पाण्याबाहेर तरी कशाला यायचं? 1968 मध्ये स्वीकारलेलं ‘अमेतिस्त’ हे पाण्याखालून डागता येणारं जगातलं पहिलं जहाजविरोधी क्रूझ क्षेपणास्त्र. त्यानंतरचं ‘ग्रानित’ सुमारे सात टनांचं होतं; एकेका पाणबुडीत अशी चोवीस. ऑगस्ट 2000 मध्ये टॉर्पेडोच्या स्फोटाने ‘कुर्स्क’ ही रशियन पाणबुडी बुडाली आणि 118 माणसं गेली, तेव्हाही तिच्या कडेच्या नळ्यांत ग्रानित होती.

याच संस्थेतून प्रोटॉन रॉकेट आणि अल्माझ अंतराळस्थानकंही आली. त्यावर स्वतंत्र लेख लिहावा लागेल.

चेलोमेय यांच्यानंतर गेर्बर्ट येफ्रेमोव यांनी सूत्रं घेतली. त्यांच्या काळात ‘ओनिक्स’ हे नवं क्षेपणास्त्र पूर्णत्वाला गेलं, आणि तिथे नळीत मावण्याची कसरत इंजिनापर्यंत पोहोचली. ओनिक्सचं इंजिन रॅमजेट आहे. चुलीतला जाळ फुलवायला आपण फुंकणी फुंकतो. रॅमजेट ही अशी फुंकणी, जिला वेगच फुंकर घालतो. नाकातून घुसणारी हवा स्वतःच्या जोराने दाबली जाते, तिच्यात रॉकेल जातीचं इंधन जळतं. हवा दाबायला फिरणारी पाती लागत नाहीत. पण उभ्या जागी ही फुंकणी मुकी! आधी प्रचंड वेग हवा. त्यासाठी घन इंधनाचं रॉकेट लागतं आणि ते मागे जोडलं तर लांबी वाढते. मग ते ठेवलं कुठे? रॅमजेटच्याच रिकाम्या ज्वलनकक्षात. ते जळून संपलं की समोरून येणारी हवाच त्याचं कवच मागे ढकलून देते आणि त्याच पोकळीत रॅमजेट पेटतं. मला ही या संस्थेची सगळ्यात देखणी युक्ती वाटते.

1998 मध्ये भारताची डीआरडीओ आणि रेऊतोवची ही संस्था यांच्यात करार झाला. ब्रह्मपुत्रा आणि मॉस्क्वा या नद्यांवरून नाव ठरलं आणि ओनिक्सच्या पायावर ब्राह्मोस घडलं. पहिली चाचणी 12 जून 2001 रोजी ओडिशातल्या चांदीपूरला झाली. मुंबईत माझगाव गोदीने बांधलेल्या कोलकाता वर्गाच्या प्रत्येक विनाशिकेवर अशी सोळा क्षेपणास्त्रं आपापल्या नळ्यांत उभी असतात.

नाशिकजवळ ओझरला मात्र नळी सुटली. तिथल्या एचएएल कारखान्यात सुखोई-30 मध्ये बदल करण्यात आले आणि 25 जून 2016 रोजी विमान पोटाखाली उघडं ब्राह्मोस घेऊन उडालं. या हवाई आवृत्तीचं वजन सुमारे अडीच टन, म्हणजे जहाजावरच्यापेक्षा साधारण अर्धा टन कमी. सुरुवातीचा वेग विमानच देतं, त्यामुळे ज्वलनकक्षात दडलेलं ते रॉकेट इथे लहान पुरतं.