साइनिंग डेची क्रमवारी आणि तीन वर्षांनंतरचा संघ

अमेरिकी कॉलेज फुटबॉलमध्ये भरतीचा क्लास, म्हणजे त्या वर्षी शाळेतून घेतलेल्या नव्या खेळाडूंची तुकडी, किती तगडा आहे यावरून संघाच्या पुढच्या तीन-चार सीझनचा अंदाज बांधतात, आणि तो बऱ्याचदा खराही ठरतो. अलाबामाचा दाखला नेहमी दिला जातो, तो योग्यच आहे. 2007 मध्ये हा संघ 7-6 वर (सात विजय, सहा पराभव) अडकला, लुइझियाना-मनरोसारख्या छोट्या संघाकडून घरच्या मैदानावर हरला. 2008 च्या फेब्रुवारीत, साइनिंग डेला (नवे खेळाडू करारावर सह्या करतात तो दिवस), त्याने जबरदस्त क्लास मिळवला. त्यातल्या एका रनिंग बॅकने (चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूने) पुढच्याच वर्षी हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, जिंकली आणि संघ 14-0 राहून राष्ट्रीय विजेता झाला.

मात्र क्लास चांगला की वाईट हे ठरवताना नेमकं काय मोजलं जात होतं, हा प्रश्न फार काळ बाजूला पडला.

1973 मध्ये प्रत्येक संघाच्या स्कॉलरशिपवर राष्ट्रीय पातळीवर 105 ची मर्यादा आली. 1978 मध्ये ती 95 झाली, 1994 पर्यंत 85 वर आली. वर्षाला नवे खेळाडू 25. चार वर्षांचे शंभर होतात आणि जागा पंच्याऐंशीच, म्हणजे काहींची गळती गृहीतच धरलेली. खरी पळवाट वेगळी होती. 25 ची मर्यादा प्रत्यक्ष दाखल होणाऱ्यांना होती, फेब्रुवारीत सह्या करणाऱ्यांना नव्हती. त्यामुळे तीस-पस्तीस पोरांच्या सह्या घ्यायच्या आणि ऑगस्टपर्यंत जागांचं गणित जुळवायचं, ही रीतच पडली. मिसिसिपीतल्या एका संघाने 2009 मध्ये 37 सह्या घेतल्या तेव्हा हे सगळ्यांच्या डोळ्यावर आलं.

कोच सांगत की काही पोरं मार्कांत अडकतात, ज्युनिअर कॉलेजला (दोन वर्षांच्या कॉलेजला) जातात, म्हणून जास्तीच्या सह्या लागतात. यात तथ्य होतं. पण हिशेब चुकला की त्याची किंमत कोच मोजत नव्हता. अठरा वर्षांच्या पोराने फेब्रुवारीत बाकीच्या ऑफर सोडून पत्रावर सही केलेली असे. ती मोडून दुसरीकडे गेला तर एक सीझन हातचा जाई. त्यालाच उन्हाळ्यात सांगायचं की आता जानेवारीत ये. जुन्या खेळाडूंनाही हीच वागणूक. स्कॉलरशिप तेव्हा एकेका वर्षाची होती, अनेक वर्षांची देण्याची मुभा 2012 मध्ये आली. जागा मोकळी करायला कुणाची स्कॉलरशिप पुढे चालू ठेवायची नाही, कुणाला दुखापतीच्या कारणाने मेडिकल स्कॉलरशिपवर टाकायचं. मेडिकलवाला 85 मध्ये धरला जात नसे. हा अन्यायच होता, आणि क्रमवारीत तो गुण म्हणून मोजला जाई. काही क्रमवाऱ्यांत क्लासमधले वरचे वीसच खेळाडू धरत, त्यामुळे जास्त सह्या घेणाऱ्याचे वरचे वीस आपोआपच भक्कम दिसत.

आग्नेयेकडच्या ज्या कॉन्फरन्समध्ये (आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात) हे सर्रास चाले, तिच्या संघांनी 2006 ते 2012 सलग सात राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. ती केवळ जादा सह्यांमुळे मिळाली असं म्हणणं चुकीचं ठरेल, कारण तिथलं शालेय फुटबॉलच तेवढं सकस आहे. त्या 37 सह्यांनंतर कॉन्फरन्सने आधी 28 ची मर्यादा घातली. 2011 मध्ये कोचांचा विरोध बाजूला ठेवून विद्यापीठांच्या अध्यक्षांनी ती 25 वर आणली. या साऱ्या इतिहासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा निर्णय हाच.

त्यानंतर मोजणी सुधारली. मागच्या चार क्लासमधले निम्म्याहून जास्त खेळाडू चार किंवा पाच स्टारचे (भरतीच्या वेळी खेळाडूला दिलेली श्रेणी, पाच सर्वांत वरची) असतील तरच संघ विजेतेपदाचा दावेदार, असा ठोकताळा रूढ झाला आणि वर्षानुवर्षं टिकला.

तो हलला पोर्टलमुळे. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे संघ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी, सुरू झालं. 2021 मध्ये एकदा संघ बदलून लगेच खेळण्याची मुभा मिळाली आणि त्याच जुलैत खेळाडूंना आपलं नाव वापरू देऊन, जाहिरातींसारख्या मार्गाने, पैसे कमावता येऊ लागले. वर्षाला 25 ची अटही पुढे रद्द झाली. टेक्सास ए अँड एमने 2022 मध्ये तोवरचा सर्वोच्च गुणांचा क्लास मिळवला आणि तो सीझन 5-7 ने संपवला. त्या क्लासमधला गाजलेला बचावपटू दोन सीझननंतर ओल मिसला (मिसिसिपी विद्यापीठाच्या संघाकडे) गेला आणि 2025 मध्ये तिथूनच एनएफएल या व्यावसायिक लीगच्या निवडीत पहिल्या फेरीत निवडला गेला. क्लास ए अँड एमच्या नावावर, तिसऱ्या वर्षाचा खेळ दुसऱ्याच्या पदरात.

इंडियानाचं नेमकं उलट. 2024 पूर्वी या संघाने एका सीझनमध्ये दहा सामने कधीच जिंकले नव्हते. नव्या कोचने आधीच्या विद्यापीठातले डझनभर खेळाडू सोबत आणले, पोर्टलमधून अनुभवी पोरं उचलली, कॅलिफोर्नियातून क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) आणला. शाळेतून आलेल्या पाच स्टारवाल्यांच्या जोरावर हा संघ उभा नव्हता. 2025 चा सीझन त्याने 16-0 असा संपवून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं.

2025 च्या जूनमध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीने 85 ची स्कॉलरशिप मर्यादा गेली, रोस्टरला (संघातल्या एकूण खेळाडूंना) 105 ची आली आणि विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. शाळेतून आलेला क्लास आणि पोर्टलची खरेदी एकत्र धरणारी क्रमवारी आता वापरात आहे, पण साइनिंग डेच्या बातम्या अजून जुन्याच यादीवर लिहिल्या जातात.