साठ वर्षांपूर्वीचे खोके आणि बाल्साचे विमान

कार्ल गोल्डबर्ग या विमानांच्या प्रतिकृती घडवणाऱ्या अमेरिकी आरेखकाच्या शिकागो येथील कंपनीने १९६० च्या दशकात ‘फाल्कन ५६’ नावाचा रेडिओ-नियंत्रित विमानाचा संच विक्रीस आणला. नावातला आकडा पंखांच्या विस्ताराचा आहे : ५६ इंच, म्हणजे सुमारे १४२ सेंटीमीटर. खोक्यात बाल्सा लाकडाच्या पट्ट्या, ठशाने कापलेल्या भागांच्या फळ्या, प्लायवूडचे काही तुकडे आणि मूळ आकाराचा आराखडा असे. त्यातून विमान उभे करणे हे घेणाऱ्याचे काम असे. त्या काळातले असे संच, काही न उघडलेले तर काही अर्धवट जोडून सोडून दिलेले, आजही जुन्या घरांच्या तळघरांतून निघतात आणि हौशी मंडळी ते पुन्हा उडते करतात. या कामात हस्तकौशल्य लागतेच, पण त्याहून जास्त लागते ती एक समज : खोक्यातला प्रत्येक पदार्थ आपापल्या रीतीने म्हातारा झालेला असतो आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो.

सुरुवात लाकडापासून करावी लागते. बाल्सा हे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले, आपल्या काटेसावरीच्या नात्यातले झाड. त्याच्या बोंडांतूनही सावरीसारखाच रेशमी कापूस निघतो. जगाला मिळणारा बहुतांश बाल्सा इक्वाडोरमधून येतो. हे झाड फार वेगाने वाढते आणि त्याच्या मोठ्या, पातळ भिंतींच्या पेशी पाण्याने भरलेल्या असतात. लाकूड भट्टीत वाळवले की पाणी जाते आणि पोकळ्या उरतात. प्रतिकृतींसाठी वापरल्या जाणाऱ्या बाल्साची घनता साधारणपणे दर घनमीटरला १०० ते २०० किलोग्रॅम असते, तर सागवानाची त्याच्या तिप्पट-चौपट किंवा त्याहूनही जास्त.

हलकेपणा एवढाच बाल्साचा गुण असता, तर तो कागदातही आहे. खरी मेख जाडीत आहे. फळीचा वाकण्याला होणारा विरोध तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. दोन फळ्यांचे वजन सारखे, पण एकीचे लाकूड निम्म्या घनतेचे आणि म्हणून फळी दुप्पट जाड असेल, तर हलके लाकूड स्वभावतः निम्मेच ताठ आहे असे धरले तरी, ती फळी दुसरीच्या चौपट ताठ ठरते. पंखाच्या रिब, म्हणजे त्याच्या बरगड्या, आणि त्यांना ओवणारा कणा बाल्साचा का असतो, याचे उत्तर या गणितात आहे.

मात्र बाल्साची प्रत्येक फळी वेगळी असते. ९१ सेंटीमीटर लांब, ७.६ सेंटीमीटर रुंद आणि २.४ मिलिमीटर जाड अशी एक फळी १७ ग्रॅम भरते आणि अगदी तशीच दिसणारी दुसरी ३३ ग्रॅम. म्हणून जुना संच उघडल्यावर मी सर्वांत आधी वजनकाटा काढावा असे सांगेन. जड फळ्या पुढच्या भागासाठी ठेवाव्यात आणि हलक्या शेपटीला द्याव्यात. शेपटीतला एकेक ग्रॅम किती महाग पडतो हे पुढे येईलच. कोरड्या जागी राहिलेला बाल्सा दीर्घकाळ टिकतो. जिथे कीड लागली आहे, किंवा बोथट झालेल्या ठशाने लाकूड कापण्याऐवजी चिरडले आहे, ते भाग वापरण्याचा हट्ट धरू नये. कागदावर त्यांची बाह्यरेषा उतरवून घ्यावी आणि नव्या लाकडातून ते कापावेत. माझ्या मते खोक्यातली सर्वांत मौल्यवान वस्तू लाकूड नसून त्यातले आकार आहेत. आराखड्याचीही प्रत काढून मूळ कागद जपून ठेवावा, आणि प्रत काढताना आकार बदलला नाही ना, हे पट्टी लावून तपासावे.

अर्धवट जोडलेल्या विमानात खरा प्रश्न गोंदाचा असतो. त्या काळी नायट्रोसेल्युलोजचा गोंद सर्रास वापरला जाई. त्यातला द्रावक उडून जातो आणि मागे कडक पदार्थ उरतो. वर्षे जातात तसा तो ठिसूळ होतो आणि वरून धड दिसणारा सांधा बोटाच्या दाबाने सुटतो. या गोंदाचा एक मोठा उपकार असा, की ॲसिटोनने तो पुन्हा विरघळतो. त्यामुळे वेडावाकडा जोडलेला पंख लाकूड न मोडता सोडवता येतो. इपॉक्सी गोंदाच्या सांध्यात ही सोय नाही, कारण त्याचे रेणू घट्ट होताना एकमेकांशी कायमचे जोडले जातात.

आवरणाचेही तसेच. पंखावर रेशीम किंवा पातळ कागद चढवून त्यावर ‘डोप’ नावाचे सेल्युलोजचे रोगण लावत. वाळताना ते आक्रसते आणि कापड ढोलकीच्या पानासारखे ताणले जाते. परंतु हे आक्रसणे तिथेच थांबत नाही. त्याला लवचिक ठेवणारे घटक हळूहळू निघून जातात, ताण वाढत राहतो आणि शेवटी पंखच पिळवटतो. पुढे पॉलिएस्टरचे पातळ आवरण आले. कारखान्यात ताणलेल्या अवस्थेत थंड केलेले त्याचे रेणू इस्त्रीची ऊष्णता मिळताच मूळ आखूड अवस्थेकडे जातात आणि आवरण घट्ट बसते. दोन्ही पंखांचा पीळ वेगवेगळा असेल तर विमान एका बाजूला लोळते, म्हणून जुना पंख सपाट टेबलावर ठेवून त्याची मागची कड तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

इंजिन फिरत नसले तर ते निकामी आहे असे समजण्याची घाई करू नये. ही छोटी इंजिने मिथेनॉलवर चालतात आणि त्यांत ठिणगी नसते. प्लॅटिनमयुक्त तारेचे वेटोळे सुरुवातीला विजेने तापवतात, नंतर त्याच्या पृष्ठभागावरील उत्प्रेरक क्रियेने आणि सिलिंडरमधील उष्णतेने ते लाल राहते. इंधनात वंगण म्हणून एरंडेल मिसळलेले असते, कारण खनिज तेलाप्रमाणे ते मिथेनॉलपासून वेगळे होत नाही. (जगातले सर्वाधिक एरंडेल भारतात, मुख्यतः गुजरातेत होते.) हेच एरंडेल वर्षानुवर्षे हवा लागून रोगणासारखे घट्ट होते आणि दट्ट्या जागीच चिकटवते. पान्याने जबरदस्ती केल्यास आतले भाग वाकतात. इंजिन बाहेरून हळूहळू गरम केले की तो थर मऊ होतो आणि पंखा हाताने फिरू लागतो.

रेडिओच्या बाबतीत मात्र जुन्याचा मोह पूर्ण सोडावा. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या घटांतून क्षार बाहेर येऊन तारा काळ्या पडलेल्या असतात आणि त्यांवर विमानाचा भरवसा ठेवता येत नाही. आजचा २.४ गिगाहर्ट्झचा ग्राहक, म्हणजे विमानातला रिसीव्हर, काही ग्रॅमचा असतो, पण इथेच नवा पेच उभा राहतो. मूळ आराखड्यात नाकाजवळचा जड घट धरलेला होता. तो गेला की विमानाचा गुरुत्वमध्य मागे सरकतो. अशा विमानात तो पंखाच्या पुढच्या कडेपासून, पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर असावा लागतो. तो फार मागे गेला, तर वाऱ्याच्या झोताने नाक वर उचलले गेल्यावर विमान आपोआप सावरण्याऐवजी आणखी उचलत जाते. शेपटी गुरुत्वमध्यापासून ७५ सेंटीमीटर मागे आणि नाक २५ सेंटीमीटर पुढे असेल, तर शेपटीतल्या ३० ग्रॅम जादा वजनासाठी नाकात ९० ग्रॅम शिसे भरावे लागते.

हे शिसे पुढे उतरताना भोवते. वजन २० टक्क्यांनी वाढले की विमान हवेत टिकण्यासाठी लागणारा किमान वेग सुमारे १० टक्क्यांनी वाढतो आणि जमिनीला टेकतानाची गतिज ऊर्जा ४४ टक्क्यांनी. म्हणूनच ‘जरा मजबूत करावे’ म्हणून जागोजागी लावलेले जादा प्लायवूड आणि इपॉक्सी जुन्या विमानाला बळकट करण्याऐवजी त्याच्या मोडण्याचे कारण ठरतात.

फाल्कनचा पंख धडावर रबरबँडने बांधलेला असतो. धडक बसली की पंख जागचा सरकतो आणि कणा वाचतो. ओझोन आणि उन्हामुळे रबर तडकते, तेव्हा उड्डाणापूर्वी हे रबरबँड नवे घ्यावेत. ते बांधून झाले, की पंखाखाली गुरुत्वमध्याच्या खुणेवर दोन बोटे धरून विमान उचलावे. टाकी रिकामी असताना त्याचे नाक किंचित खाली झुकले पाहिजे.