बंद न होणारं बटण

अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ जॅनेट राउली घरच्या जेवणाच्या टेबलावर गुणसूत्रांचे फोटो कात्रीने कापत बसायच्या. आई कागदी बाहुल्या खेळतेय, अशी मुलं चेष्टा करायची. ही १९७२ सालची शिकागोतली गोष्ट. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात २२ क्रमांकाचं गुणसूत्र आखूड असतं, हे १९६० पासून माहीत होतं. तुकडे जुळवताना राउलींना दिसलं, की तुटलेला भाग हरवलेला नाही. तो ९ क्रमांकाच्या टोकाला जाऊन चिकटलाय.

या अदलाबदलीत ९ वरचं एबीएल जनुक २२ वरच्या बीसीआर जनुकाला जोडलं जातं. एबीएलपासून बनतं ते कायनेज नावाचं विकर. कायनेजचं काम एकच: पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपी या रेणूकडून फॉस्फेट उचलायचा आणि दुसऱ्या प्रथिनाला डकवायचा. तेवढ्याने त्या प्रथिनाचा आकार बदलतो आणि त्याचं काम सुरू होतं किंवा थांबतं. फॉस्फेट काढून टाकणारी विकरं वेगळी. आपल्या शरीरात अशी पाचशेहून जास्त कायनेज आहेत.

निरोगी एबीएलचं स्वतःचंच एक टोक वळून त्याच्या पाठीवरच्या खाचेत बसतं. दाराला आतून कडी लावावी, तसं. जोडणीत नेमकं तेच टोक गळून जातं. वर बीसीआरमुळे हे रेणू एकमेकांना बिलगतात आणि एकमेकांनाच फॉस्फेट डकवून चालू ठेवतात. 'विभागणी करा' हा निरोप पेशीला मिळतच राहतो.

इमॅटिनिबची गोळी या कायनेजमध्ये एटीपीच्या जागी जाऊन बसते, त्यामुळे फॉस्फेट डकवणं आणि तो निरोप दोन्ही थांबतात. अमेरिकेत तिला मे २००१ मध्ये मान्यता मिळाली आणि एरवी काही वर्षांत जीव घेणारा आजार रोजच्या गोळीवर आला. आपल्याकडे प्रश्न किमतीचा होता. मूळ औषध महिन्याला लाखाच्या वर, तर भारतीय जेनेरिक आठ-दहा हजारांत. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मूळ औषध बनवणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला. माझ्या मते, गोळीच्या शोधाइतकाच हा निकाल इथल्या रुग्णांसाठी मोलाचा.

पेशीही मात्र हुशार. एबीएलच्या साखळीत ३१५ व्या जागी थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसिन हे जाडजूड अमिनो आम्ल आलं, की गोळीला तिथे शिरताच येत नाही. त्याला वळसा घालणारं पोनॅटिनिब पुढे बनवावं लागलं. म्हणूनच गोळी चालू असतानाही ठरावीक महिन्यांनी रक्त तपासून बीसीआर-एबीएलचं प्रमाण मोजतात. आकडा चढू लागला, तर डॉक्टर आधी रुग्णाला विचारतात, गोळ्या चुकल्या का? मगच जनुकाची तपासणी.