पहिली ते चौथीच्या मुलांना नाटक कशासाठी शिकवायचं?
आमच्या नाट्यवर्गात मुलं पाठवणाऱ्या आणि पाठवू इच्छिणाऱ्या पालकांसाठी

प्रवेश घ्यायला आलेले बहुतेक पालक सुरुवातीलाच विचारतात, "प्रयोग कधी? हॉल कुठला?" कोणी नागपुरातल्या वसंतराव देशपांडे सभागृहाचं नाव घेतं, कोणी सायंटिफिक सभागृहाचं. आमच्याकडे प्रयोग नसतो. मार्चमध्ये एका शनिवारी आम्ही तुम्हाला वर्गातच बोलावतो, सतरंजीवर बसवतो, आणि मुलं वर्षभर जे खेळत आली तेच तुमच्यासमोर खेळतात. मेकअप नाही, भाड्याचे कपडे नाहीत, पाठ केलेले संवाद नाहीत. काही पालकांना हे अपुरं वाटतं, आणि तसं वाटणं साहजिक आहे. म्हणून हे पत्रक.

सुरुवातीच्या वर्षी आम्हीही वीस मिनिटांचं नाटुकलं बसवलं होतं. दोन महिने तालमी केल्या, सगळ्यांचं पाठांतर चोख होतं. प्रयोगात तिसरीतली एक मुलगी आपलं वाक्य विसरली. आम्ही विंगेतून तीनदा प्रॉम्प्ट केलं. तिनं आमच्याकडे पाहिलं, मग प्रेक्षकांत बसलेल्या आईकडे, आणि तिला रडू फुटलं. लोकांनी प्रेमानं टाळ्या वाजवल्या, पण ती पुन्हा वर्गाला आली नाही. चूक आमची होती. आम्ही तिला वाक्य दिलं होतं. ते कोण म्हणतंय, कोणाला आणि कशासाठी म्हणतंय, हे दिलंच नव्हतं. ते ठाऊक असलेलं मूल शब्द विसरलं तरी आपल्या शब्दांत बोलून मोकळं होतं. त्यानंतर आम्ही शिकवण्याची पद्धत मुळापासून बदलली.

वर्गात काय चालतं

वर्ग दीड तासाचा. सुरुवात बहुतेक वेळा आरशाच्या खेळानं होते. दोन मुलं समोरासमोर उभी राहतात. एक हळूहळू हात हलवतं, दुसरं त्याचा आरसा होतं. नियम एकच: पुढाकार कोणाचा, हे बघणाऱ्याला कळता कामा नये. पहिल्या आठवड्यात मुलं हात जोरजोरात फिरवतात आणि आरसा लगेच मोडतो. मग त्यांचं त्यांनाच उमगतं की समोरच्याला जमेल इतक्याच वेगानं आपण हलायचं. "दुसऱ्याकडे लक्ष दे" हे आम्हाला सांगावंच लागत नाही. अमेरिकन नाट्यशिक्षिका वायोला स्पोलिन यांनी शिकागोत स्थलांतरितांच्या मुलांसोबत अशाच खेळांतून नाटक शिकवायची पद्धत घडवली. भाषा वेगवेगळी असलेली मुलं एकत्र यावीत म्हणून रचलेले हे खेळ आपल्या नागपुरात चपखल बसतात. आमच्या एकाच गटात मराठी, हिंदी आणि वऱ्हाडी बोलणारी मुलं आहेत.

त्यानंतर येतो प्रसंग. एक सविस्तर सांगतो.

त्या दिवशी आम्ही वर्गात कळमन्याचा बाजार भरवला होता. आंबिया बहाराची संत्री आलेली, म्हणजे मुलांनी घरून आणलेल्या चपला आणि वह्यांचे ढीग. दुसरीतला एक मुलगा दीड महिना "हजर ताई" याच्यापुढे एक शब्द बोलला नव्हता. त्यानं दुपट्टा खांद्यावर टाकला, एक पाय दुमडून बसला आणि ढिगाकडे न बघता दुसरीकडेच बघत राहिला. एक मुलगी गिऱ्हाईक होऊन आली.

"काका, कसे दिले?"

"साठ रुपये किलो."

"महाग सांगून राहिले तुम्ही!"

"आंबट निघालं तर परत आणजो ना. घरच्या बागेतला माल आहे."

आवाज जाडसर, सावकाश, थेट म्हाताऱ्या माणसाचा. मुलीनं अडीच किलो मागितली आणि दोनशेची खोटी नोट दिली. त्यानं बोटांवर मोजून पन्नास परत केले, वर एक संत्रं "पोरीले खायाले" म्हणून दिलं. तास संपल्यावर विचारलं तेव्हा कळलं की तो काटोलकडच्या त्याच्या आजोबांसारखा बसला होता. मुलाकडे बोलायला भरपूर होतं. "स्वतःबद्दल पाच वाक्यं सांग" असं म्हटल्यावर ते बाहेर येत नव्हतं. आजोबा झाल्यावर आलं. या वयाच्या मुलाला दुसरं कोणी होण्याची मुभा मिळाली की ते धीट होतं. आमचा सगळा भर यावरच आहे.

बोलीबद्दल

"पण तो वर्गात करून राहिला, जाऊन राहिला असंच बोलतो, तुम्ही सुधारत का नाही?" असं काही पालक काळजीनं विचारतात. संत्रीवाला तसाच बोलेल. पुढच्या आठवड्यात तोच मुलगा बँकेतला साहेब झाला, तेव्हा त्यानं आपणहून "आपला अर्ज मिळाला आहे" अशी भाषा धरली. घरची बोली पुसून प्रमाण मराठी शिकवायची गरज नाही. कुठल्या माणसाच्या तोंडी कुठली भाषा शोभते हे कळलं की दोन्ही भाषा मुलाच्या हाताशी राहतात. ज्यांची मुळं भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडची आहेत त्यांना हे पटवायला लागत नाही. दिवाळीनंतर झाडीपट्टीतली रात्रभराची नाटकं बघत ते वाढलेले असतात.

वाचनाचंही असंच. अडखळत वाचणाऱ्या मुलाला आम्ही धडा वाचायला लावत नाही, त्यातलं एकच वाक्य देतो. "इकडे ये." आईनं म्हटलेलं, गुरुजींनी म्हटलेलं, अंधारात लपलेल्या चोरानं म्हटलेलं. चार-पाच वेळा म्हणून झाल्यावर विरामचिन्हं कशासाठी असतात ते त्याला कानानं कळतं.

हे नवं खूळ आहे का?

नाही. सुधा करमरकर यांनी मुंबईत १९५९ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र रंगभूमी उभी केली. राष्ट्रीय नाट्य विद्यालयानं शिक्षणातल्या नाटकासाठी १९८९ मध्ये वेगळं पथक सुरू केलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कलेच्या माध्यमातून विषय शिकवण्यावर भर आहे. अडचण इतकीच की पन्नास मुलांच्या वर्गात, बाकांच्या गर्दीत, शिक्षकांना हे करायला ना जागा मिळते ना वेळ. आणि आपल्याकडे तर तान्हा पोळा आहे. मूल लाकडी नंदी सजवतं, शेतकऱ्याचा वेश करतं, घरोघरी जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतं. तेव्हा ते न लाजता अनोळखी दारात उभं राहतं, हे तुम्ही पाहिलंच असेल. ते एका दिवसाचं धिटाईचं वारं आम्ही वर्षभर वाहतं ठेवू पाहतो.

काय मिळणार नाही

मालिकेच्या किंवा टीव्ही स्पर्धेच्या ऑडिशनची तयारी इथे होत नाही; मोठ्यांचे संवाद आणि हावभाव लहान मुलांकडून करून घेणं आम्हाला पटत नाही. शांत मूल इथे येऊन बडबडं होईल याचीही खात्री देत नाही, आणि व्हायलाच हवं असंही नाही. काही मुलं मोजकं बोलतात आणि नेमकं बोलतात. मूल बोलताना तोतरं होत असेल तर आधी वाचा-उपचारतज्ज्ञांना दाखवा. नाटकाचे खेळ त्या उपचाराची जागा घेऊ शकत नाहीत. त्याबरोबर वर्ग मात्र जरूर चालू ठेवा.

घरासाठी एकच विनंती. पाहुणे आले की "वर्गात शिकलास ते करून दाखव" असं म्हणू नका. सोफ्यासमोर उभं केलेलं मूल पुन्हा परीक्षेला बसतं. त्याऐवजी जेवताना विचारा, "आज कोण झाला होतास?" आणि उत्तर लांबलं तरी ऐकून घ्या.

वेळ आणि इतर

एका गटात सोळाच मुलं, सोबत एक ताई आणि एक दादा. वर्ग शनिवारी दुपारी चार ते साडेपाच. एप्रिल-मेच्या उन्हात लेकरांना त्या वेळी बाहेर काढणं बरं नाही, म्हणून तेव्हा सकाळी सात ते साडेआठ. पहिले दोन वर्ग मोफत आहेत. मुलाला रुचलं तरच फी भरा. सुती सैल कपडे घाला, पाण्याची बाटली द्या आणि घरातला एक जुना दुपट्टा पाठवा. तो कधी पगडी होतो, कधी अंबाझरीचा तलाव, कधी साप, त्यामुळे फाटका असला तरी चालेल. नवा नको, नाहीतर मूल तो मळू नये म्हणून जपत बसतं.

पहिल्या दिवशी मूल आत यायला तयार नसेल तर ओढू नका, रागावू नका, आणि "बघ, बाकीचे कसे खेळताहेत" असंही म्हणू नका. दारापाशी एक पाट ठेवलेला असतो. त्यावर बसून बघायची मुभा सगळ्यांना आहे, अगदी दोन-तीन आठवडे बसलं तरी. तुम्हीही शेजारी बसा.